नॅव्हरोनच्या तोफा, जंजिऱ्याच्या शिड्या

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याकडे निघालेल्या पर्यटकाला बराच वेळ किल्ल्याचा दरवाजाच दिसत नाही. समोर असते ती पाण्यातून सरळ वर आलेली तटबंदी, तिच्यातले बुरूज आणि समुद्राकडे रोखलेल्या तोफा. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या आड दडलेला महादरवाजा एकदम पुढे येतो. ज्याने ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ हा चित्रपट पाहिला आहे, त्याला हे दृश्य अनोळखी वाटण्याचे कारण नाही. समुद्रातला अजिंक्य किल्ला, त्याच्या तोफांच्या टप्प्यातून जाणाऱ्या नौका आणि समोरून हल्ला करणे अशक्य म्हणून रात्रीच्या अंधारात मागच्या बाजूने चढणारी मूठभर माणसे. १९६१ साली पडद्यावर आलेल्या या कथेतले नॅव्हरोन बेट काल्पनिक आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचा जंजिरा मात्र खरा आहे आणि त्याच्या तटाला रात्री लावलेल्या शिड्यांची हकिगतही मराठी इतिहासात सांगितली जाते.

‘नॅव्हरोन’, ‘द ग्रेट एस्केप’, ‘द डर्टी डझन’, ‘व्हेअर ईगल्स डेअर’ हे साठच्या दशकातले युद्धपट. मुंबईत रिगल, इरॉस, स्टर्लिंग आणि पुण्यात अलका यांसारख्या चित्रपटगृहांतून इंग्रजी चित्रपट पाहण्याची सवय लागलेल्या पिढीने ते डोक्यावर घेतले. पुढे चित्रफिती आल्या, उपग्रह वाहिन्या आल्या, तबकड्या आल्या आणि आता हे चित्रपट इंटरनेटवरून घरात येतात. माध्यमे बदलली, तरी या चित्रपटांचा प्रेक्षक सुटलेला नाही. त्यांतली विमाने आज खेळण्यातली वाटतात, स्फोटांचे देखावे संगणकाच्या करामतींपुढे फिके पडतात, शेवट तर बहुतेकांना पाठ असतो. तरीही ते पुन्हा पाहिले जातात. याचे कारण युद्धाच्या आकर्षणात शोधण्यापेक्षा त्यांच्या रचनेत शोधले, तर उत्तर अधिक नेमके सापडते. हे चित्रपट युद्धाविषयी जितके असतात, त्याहून अधिक ते एकमेकांवर विसंबून करायच्या कामाविषयी असतात.

गटाची जुळवाजुळव

या प्रकाराला मराठीत बहुनायकी युद्धपट म्हणता येईल. त्यात एक नायक नसतो, सात-आठ असतात आणि प्रत्येकाला एकच काम नीट येत असते. एक कडा चढण्यात पटाईत, दुसरा सुरुंग लावणारा, तिसऱ्याला शत्रूची भाषा अवगत, चौथा यंत्रे जाणणारा. चित्रपटाचा पहिला भाग ही माणसे गोळा करण्यात जातो. हा भाग लांबलचक असूनही कंटाळवाणा होत नाही, कारण याच वेळी प्रेक्षकाच्या मनात हिशेब सुरू होतो. या माणसाशिवाय ते काम होणार नाही, हे त्याला कळलेले असते. साहजिकच पुढे त्या माणसाच्या पायाला साधी दुखापत झाली, तरी प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकतो.

या जुळवाजुळवीचा आदर्श नमुना युद्धपटाने उसना घेतला तो जपानकडून. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’ने १९५४ साली गावाच्या रक्षणासाठी एकेक योद्धा निवडण्याची कथा सांगितली. अमेरिकी दिग्दर्शक जॉन स्टर्जेस यांनी तिच्यावरून १९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ हा चित्रपट केला आणि त्यातलेच स्टीव्ह मॅक्वीन, चार्ल्स ब्रॉन्सन व जेम्स कोबर्न हे नट घेऊन १९६३ साली ‘द ग्रेट एस्केप’ काढला. गाव वाचवण्यासाठी बाहेरून लढवय्ये आणण्याची हीच कल्पना १९७५ साली ‘शोले’च्या रूपाने भारतीय प्रेक्षकापुढे आली. त्यामुळे या रचनेची ओळख मराठी प्रेक्षकाला करून द्यावी लागत नाही.

‘द ग्रेट एस्केप’ हा श्रमविभागणीचा जणू वस्तुपाठच आहे. युद्धकैद्यांच्या छावणीतून भुयार खणून पळायचे आहे. खोटी कागदपत्रे करणारा एक, कुंपणाच्या आत न मिळणाऱ्या वस्तू पैदा करणारा दुसरा, खणणारा तिसरा. खणून निघालेली माती कुठे टाकायची हा खरा पेच, कारण खालच्या मातीचा रंग वरच्या मातीहून वेगळा आहे. मग विजारीत लपवलेल्या पिशव्यांतून ती चालता चालता सांडायची युक्ती निघते. अशा बारीकसारीक तपशिलांत प्रेक्षक गुंततो. शौर्य हा शब्द कोणी उच्चारत नाही. सगळे आपापले काम करत राहतात.

मुदत आणि मोल

दुसरा आवश्यक घटक म्हणजे मुदत. ‘नॅव्हरोन’मध्ये शेजारच्या बेटावर दोन हजार ब्रिटिश सैनिक अडकले आहेत. त्यांना सोडवायला नौदलाच्या नौका ठरलेल्या दिवशी येणार आहेत आणि त्याआधी तोफा निकामी झाल्या नाहीत, तर त्या नौका बुडणार आहेत. घड्याळ चित्रपटभर चालू राहते. वाटेत गटातल्या एकाचा पाय मोडतो. त्याला घेऊन चढायचे, मागे सोडायचे की शत्रूच्या हाती लागण्यापूर्वी संपवायचे, असा प्रश्न उभा राहतो. ग्रेगरी पेकने रंगवलेला मॅलरी त्या जखमी सहकाऱ्याला मुद्दाम खोटी माहिती देतो आणि मागे ठेवतो. शत्रूने त्याच्याकडून काही वदवून घेतलेच, तर ते खोटेच निघावे हा त्यामागचा हेतू. डेव्हिड निव्हनने रंगवलेला सुरुंगतज्ज्ञ मिलर यावर भडकतो. माणसाचा असा वापर करण्याचा अधिकार कोणाला, असे तो विचारतो. तोफा उडवण्याच्या कथेत हा वाद मध्यभागी आहे आणि पुन्हा पाहताना स्फोटांपेक्षा तोच अधिक लक्षात राहतो.

तिसरा घटक म्हणजे मोल. या प्रकारच्या चित्रपटांत सगळे परत येत नाहीत. ‘सेव्हन सामुराई’तल्या सातांपैकी चौघे मरतात. ‘द ग्रेट एस्केप’ ज्या सत्य घटनेवर आधारलेला आहे, तिचा हिशेब तर फारच कठोर आहे. मार्च १९४४ मध्ये जर्मनांच्या छावणीतून ७६ युद्धकैदी भुयारातून बाहेर पडले. त्यांपैकी ७३ पुन्हा पकडले गेले आणि पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. सुखरूप निसटले ते केवळ तिघे. मोटारसायकलवरून कुंपण ओलांडण्याचा मॅक्वीनचा प्रसिद्ध प्रसंग कल्पित आहे. भुयाराचे तोंड झाडीच्या अलीकडेच उघडले, ही चूक मात्र खरी आहे. महिनोन्‌महिने खणलेले भुयार थोडक्यासाठी अपुरे पडले.

शिड्या लागल्या, फौज आली नाही

इथेच रायगडच्या किनाऱ्यावरची गोष्ट आठवते. जंजिरा हे सिद्दींचे बळकट ठाणे. शिवाजी महाराजांच्या किनाऱ्यावरील सत्तेला त्याचा सतत काच होता. या किल्ल्याला शह देण्यासाठी महाराजांनी मुरूडसमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. हे काम किती निकडीचे होते, याची साक्ष जानेवारी १६७५ मधल्या एका पत्रात मिळते. पद्मदुर्गासाठी रसद आणि पैसा वेळेवर न पाठवणाऱ्या जिवाजी विनायक या प्रभावळीच्या सुभेदाराला महाराजांनी त्यात अत्यंत कडक शब्दांत फटकारले आहे. शत्रूच्या तोंडावर बसून काम करणाऱ्या माणसांपर्यंत धान्य आणि पैसा पोहोचला नाही, तर शौर्याला अर्थ उरत नाही, हे त्या पत्राचे मर्म. बहुनायकी युद्धपटाचेही मर्म यापेक्षा वेगळे नाही.

त्यानंतरची हकिगत लाय पाटलाची. १६७६च्या सुमारास मोरोपंत पिंगळे पेशवे जंजिऱ्याच्या मोहिमेवर होते. तट तोफांनी पडत नव्हता. तेव्हा या किनाऱ्यावरचा कोळी असलेल्या लाय पाटलाने धाडसी जबाबदारी उचलली. रात्रीच्या अंधारात होड्यांतून किल्ल्याच्या पायथ्याशी जायचे, तटाला शिड्या लावायच्या आणि मागून येणाऱ्या मोरोपंतांच्या धारकऱ्यांनी त्या शिड्यांवरून आत उतरायचे, असा बेत ठरला. परंपरेने चालत आलेल्या हकिगतीनुसार लाय पाटील आणि त्याचे सोबती पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवून तटाशी पोहोचले. त्यांनी शिड्या लावल्या आणि ते वाट पाहू लागले. फौज आली नाही. पहाट होऊ लागली, तेव्हा शिड्या काढून परत फिरण्यावाचून इलाज उरला नाही.

या प्रसंगात युद्धपटाचे सगळे घटक हजर आहेत. अजिंक्य किल्ला आहे, समुद्राची आणि भरती-ओहोटीची जाण असलेले खास कसबी लोक आहेत, रात्रीची मुदत आहे, सहन न होणारी प्रतीक्षा आहे. फक्त विजय नाही. मोहिमेच्या एका तुकडीने आपला वाटा चोख बजावला, दुसरी वेळेवर पोहोचली नाही आणि सारा बेत पाण्यात गेला.

नेमकी हीच कथा रिचर्ड ॲटनबरो यांनी १९७७ साली ‘अ ब्रिज टू फार’ या चित्रपटात भव्य प्रमाणावर सांगितली. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नम येथे ब्रिटिशांचे छत्रीधारी सैन्य शत्रूच्या पिछाडीला उतरवण्यात आले. त्यांनी पूल धरून ठेवायचा आणि रस्त्याने येणाऱ्या रणगाड्यांनी दोन दिवसांत त्यांना येऊन मिळायचे, अशी योजना होती. पुलापर्यंत पोहोचलेल्या थोड्या सैनिकांनी तो चार दिवस लढवला. रणगाडे मात्र तिथवर पोहोचलेच नाहीत. आर्नमच्या लढाईत उतरलेल्या सुमारे दहा हजारांपैकी नदीपार परत आले ते अडीच हजारांहूनही कमी. पावणेतीनशे वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावरच्या या दोन घटनांत प्रमाणाचा फरक प्रचंड आहे. पण शिडीपाशी उभ्या असलेल्या कोळ्याच्या आणि पुलापाशी अडकलेल्या सैनिकाच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न असणार. मागचे लोक कुठे आहेत?

आतला माणूस

युद्धपटाचा आणखी एक हुकमी धागा म्हणजे वेषांतर आणि फितुरी. ‘व्हेअर ईगल्स डेअर’मध्ये रिचर्ड बर्टन आणि क्लिंट ईस्टवूड शत्रूच्या गणवेशात त्याच्याच डोंगरी किल्ल्यात शिरतात आणि शेवटपर्यंत कोण कोणाचा माणूस आहे, याचा उलगडा होत नाही. ‘नॅव्हरोन’मध्ये गटाचे प्रत्येक पाऊल शत्रूला आधीच कळते आहे, हे ध्यानात येते आणि संशयाची सुई आपल्याच माणसांवर फिरते.

जंजिऱ्याचा इतिहास या धाग्यानेच विणलेला आहे. या बेटावर मुळात कोळ्यांचा मेढेकोट होता आणि राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता, असे सांगतात. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेशात आसरा मागितला, कोळ्यांना मद्य पाजले आणि गलबतातून लपवून आणलेल्या सैनिकांकरवी कोट ताब्यात घेतला, ही दंतकथा मुरूड परिसरात आजही ऐकायला मिळते. म्हणजे बळाने न मिळणारे हे बेट पहिल्यांदा हातचे गेले ते कपटाने, अशी या किनाऱ्याची आठवण आहे.

संभाजी महाराजांच्या काळात हाच डाव उलट टाकून पाहिला गेला. कोंडाजी फर्जंद रुसून स्वराज्य सोडून आल्याचे भासवून साथीदारांसह सिद्दीकडे जंजिऱ्यात दाखल झाला. दारूगोळ्याचे कोठार आतून उडवून द्यायचे, असा त्याचा बेत होता. पण किल्ल्यातल्या एका दासीकरवी बातमी फुटली. कोंडाजी आणि त्याचे बहुतेक साथीदार मारले गेले. त्यानंतर संभाजी महाराजांनी १६८२च्या सुरुवातीला राजपुरीच्या बाजूने समुद्रात दगडांचा भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला. मोगली फौज कोकणात उतरल्याने तोही अर्धवट सोडावा लागला. ‘नॅव्हरोन’मध्ये फितूर वेळेवर उघडा पडतो आणि कोठार उडते. जंजिऱ्यात कोठार उडाले नाही. चित्रपट आणि इतिहास यांतला हा फरक ध्यानात घेतला, म्हणजे पडद्यावरच्या यशाची गोडी का वाटते तेही कळते. इतिहासात फसलेल्या असंख्य योजनांची ती भरपाई असते.

साठ मावळे आणि एकटा नायक

मराठी चित्रपटाने हे सामर्थ्य ओळखले नाही, असे म्हणता येणार नाही. बाबूराव पेंटर यांचा १९२३चा मूकपट ‘सिंहगड’, त्याच विषयावरचा व्ही. शांताराम यांचा १९३३चा बोलपट आणि पुढे भालजी पेंढारकर यांचे ऐतिहासिक चित्रपट अशी मोठी परंपरा आहे. मात्र या परंपरेत स्वामिनिष्ठा आणि त्याग यांना अग्रस्थान असते. योजनेच्या तपशिलाला तेवढे नसते.

अलीकडच्या काळात दिग्पाल लांजेकर यांच्या चित्रपटांनी हा रोख काहीसा बदलला. २०१८ सालच्या ‘फर्जंद’चा विषय होता तोच कोंडाजी, पण जंजिऱ्याच्या आधीचा. मार्च १६७३ मध्ये निवडक साठ मावळ्यांनिशी त्याने रात्री पन्हाळा घेतला. अशक्य वाटणारा किल्ला, निवडून तयार केलेली छोटी तुकडी, बहिर्जी नाईकांच्या हेरांनी आणलेली माहिती आणि एका रात्रीत पुरे करायचे काम. बहुनायकी युद्धपटाचा साचा यात स्पष्ट दिसतो. २०२२च्या ‘पावनखिंड’ने जुलै १६६०चा प्रसंग घेतला. त्यात बाजीप्रभूंच्या जोडीला फुलाजीप्रभू, रायाजी बांदल, शिवा काशिद आणि बांदलांची सेना यांना जागा मिळाली. महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशिद हा तर या प्रकारच्या कथेतला सर्वांत अवघड वाटा उचलणारा माणूस. आपले काम यशस्वी झाले म्हणजेच आपला मृत्यू, हे त्याला आधीच ठाऊक आहे.

तरी एक उणीव राहते. आपल्याकडे गट पुष्कळदा जमाव होऊन राहतो. कॅमेरा एकावर स्थिरावतो आणि बाकीचे त्याच्या मागे घोषणा देतात. साठांपैकी चार-पाच जणांची कसबे वेगळी दाखवली, त्यांच्यात मतभेद दाखवले, एखाद्याची भीती दाखवली, तरच उरलेल्यांविषयी आस्था वाटते. हिंदीत चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’ने १९६४ सालीच हे साधले होते. १९६२च्या युद्धात लडाखमध्ये तुटून पडलेल्या तुकडीची ती कथा पराभवाची होती आणि म्हणूनच तीत प्रत्येक सैनिकाचे घर, पत्र आणि थकवा यांना वाव मिळाला. १९९७च्या ‘बॉर्डर’ने डिसेंबर १९७१ मधल्या लोंगेवालाच्या लढाईत अनेक नायक उभे केले. पण प्रत्यक्षात त्या ठाण्यावरच्या भारतीय तुकडीची जीवितहानी फार थोडी होती. चित्रपटात ती पुष्कळ वाढवली गेली. मोल दाखवल्याशिवाय विजय पटत नाही, हा या प्रकाराचा नियम किती प्रबळ आहे, हेच त्यातून दिसते.

शत्रूलाही चेहरा हवा

या चित्रपटांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो डावलण्याजोगा नाही. ते युद्धाला खेळाचे रूप देतात. शत्रू गोळी लागून पडण्यापुरता येतो. स्त्रिया तर जवळपास नसतातच. साठच्या दशकातल्या अनेक चित्रपटांबाबत हे खरे आहे. मात्र त्यांतले जे टिकले, त्यांनी शत्रूला बुद्धी दिली आहे. नॉर्मंडीच्या चढाईवरच्या ‘द लाँगेस्ट डे’मध्ये १९६२ साली जर्मन पात्रे जर्मन भाषेतच बोलली. त्यांच्या सेनानींचे अंदाज, चुका आणि आपसातले वाद दाखवले गेले. शत्रू मूर्ख असेल तर त्याला हरवण्यात कसब कसले?

जंजिऱ्याच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावे लागते. सिद्दी हे आफ्रिकेतून आलेले, समुद्र जाणणारे, कडवे लढवय्ये होते. त्यांचे राज्य १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकले. शिड्या आणि कोठार हे दोन्ही बेत फसले यामागे त्यांची दक्षताही आहे. किल्ल्याच्या आतून ही कथा पाहिली, तर तीही वेढ्यात अडकलेल्या मूठभरांचीच कथा ठरते.

याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला, थळसमोरच्या खांदेरी बेटावर १६७९ साली असाच अनेक बाजूंचा सामना झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी बेटावर तट बांधत होता. मुंबईच्या इंग्रजांनी रसद तोडण्यासाठी नौका आणून उभ्या केल्या. मोठ्या जहाजांना वारा हवा असे. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांच्या जोरावर रात्री उथळ पाण्यातून निसटत आणि बेटावर माणसे व सामान पोहोचवत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांची ‘डव्ह’ ही नौका पकडली, तर ‘रिव्हेंज’ हे त्यांचे जहाज एकटे टिच्चून लढले. गवंडी, नावाडी, तोफची आणि समोरचे कप्तान या सगळ्यांची नोंद घ्यावी, असा हा प्रसंग आहे. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली आणि खांदेरीचा तट पुरा झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत खांदेरीही आहे.

वाट्याला आलेले काम

‘नॅव्हरोन’मधले दोन प्रमुख नट, ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन, १९८० साली पुन्हा एकत्र आले ते कोकणच्याच सागरपट्टीत. ‘द सी वुल्व्ह्ज’ या चित्रपटाचे चित्रीकरण गोव्यात झाले. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या ‘लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतल्या मध्यमवयीन मंडळींनी, ज्यांचे दिवस एरवी कचेरी आणि क्लब यांत जात, पोर्तुगीजांच्या तटस्थ मार्मागोवा बंदरात शिरून ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला. त्यावरून शत्रूच्या पाणबुड्यांना संदेश जात असल्याचा संशय होता. तटस्थ प्रदेशातली ही कारवाई असल्याने तिची जाहीर वाच्यता करता येत नव्हती. जेम्स लीझर यांचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे ती सर्वांसमोर आली. पस्तीस वर्षे त्या माणसांनी ना पदके मिरवली, ना गोष्टी सांगितल्या.

शहरी नोकरदार प्रेक्षकाला या कथा जवळच्या का वाटतात, याचे एक उत्तर इथे मिळते. आज बहुतेकांचे आयुष्य मोठ्या यंत्रणेतला एक लहान वाटा उचलण्यात जाते. पूर्ण चित्र त्यांच्या हाती नसते आणि यशापयश बऱ्याचदा दुसऱ्या कोणाच्या वेळेवर येण्यावर ठरते. एकट्याने शंभरांना लोळवणारा नायक पाहून करमणूक होते. पण आपला वाटा नीट पार पाडून दुसऱ्याची वाट पाहणारा माणूस पाहिला की ओळख पटते. त्या माणसाची किंमत कशावरून करायची, मोहिमेच्या निकालावरून की त्याच्या वाट्याच्या कामावरून, हा प्रश्न प्रत्येक चांगला बहुनायकी युद्धपट विचारतो.

लाय पाटलाच्या हकिगतीचा शेवट या प्रश्नाचे उत्तर देतो. जंजिरा मिळाला नव्हता. तरीही महाराजांनी त्याला बोलावून पालखीचा मान देऊ केला, असे परंपरा सांगते. समुद्रावर जगणाऱ्या कोळ्याने पालखी घेऊन काय करायचे, म्हणून त्याने नम्रपणे नकार दिला. तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले आणि ते लाय पाटलाला दिले. फसलेल्या मोहिमेतल्या माणसाला, त्याच्या कसबाला शोभेल असा हा मान होता. त्या रात्री त्याच्यासोबत शिड्या धरणाऱ्यांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत. हाताशी असलेल्या साधनांनी त्यांना चेहरे द्यावेत, त्यांच्यातला एक भित्रा, एक थट्टेखोर, एक भरतीची वेळ अचूक ओळखणारा असे वेगळे करून दाखवावे, हे काम कथेचे आणि चित्रपटाचे. ते ज्या चित्रपटांनी मनापासून केले, त्यांतली विमाने कितीही जुनी झाली तरी माणसे जुनी झालेली नाहीत.